तिसरी पुकार

ही गोष्ट १९९७ सालची. ईस्टर होऊन आठवडाच झाला होता. नाशिकला त्या वर्षी एप्रिलच्या पहिल्याच रविवारी असं ऊन तापलं की उपासना चालू असताना आमच्या चर्चचे पत्रे टकटक वाजत होते. पेठ रोडच्या बाजूला आमची लहानशी मंडळी, साठ-सत्तर घरांची. निम्मी घरं जुन्या मिशनच्या वेळची, निम्मी पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून खाली येऊन इथेच राहिलेली. कोणाच्या घरी कोण पाहुणे आलेत हे चर्चमधल्या चपला बघून कळायचं.

आमच्यात लग्नाआधी सलग तीन रविवार पुकार होते. पाळकसाहेब पुढे उभे राहून मुलाचं आणि मुलीचं नाव वाचतात, आणि या लग्नाला कोणाची रास्त हरकत असेल तर ती आत्ता सांगावी, असं मंडळीला विचारतात. क्षणभर थांबतात. कोणी बोलत नाही. मग गीत सुरू होतं. मी शंभरेक पुकारी ऐकल्या असतील. त्या क्षणभरात बायका मनात साड्या ठरवतात, याहून जास्त काही घडलेलं मला आठवत नव्हतं.

त्या रविवारी नावं वाचली गेली. मनोज, भागीबाईचा मुलगा. ललिता, सोमाची मुलगी.

माझ्या हातातलं गीतपुस्तक खाली पडलं. शेजारची म्हणाली, "सिंधुबाई, बरं वाटत नाही का? पाणी आणू?" मी मान हलवली. मला बरं वाटत नव्हतं, आणि पुढचे कित्येक दिवस वाटणार नव्हतं.

मी तेव्हा छप्पन्न वर्षांची होते आणि मिशनच्या एका छोट्या दवाखान्यात लॅब सांभाळत होते. रक्त, लघवी, थुंकी, एवढंच माझं जग. तीन वर्षांपूर्वी मुंबईहून एक डॉक्टर संशोधनासाठी आले होते. डोंगरातल्या लोकांच्या रक्तात एक दोष पिढ्यान् पिढ्या चालत येतो, तो त्यांना शोधायचा होता. आमच्या वसतिगृहातल्या मुली आणि दवाखान्यातल्या लोकांची मुलं, अशा एकशे चाळीस जणांचं रक्त मी माझ्या हाताने काढलं होतं. कागदाच्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून वीज सोडली की निरोगी माणसाचा एक पट्टा उमटतो. ज्याला आईकडून किंवा बापाकडून दोष आलाय त्याचे दोन पट्टे उमटतात. अशा माणसाला स्वतःला काही होत नाही. तो जन्मभर ठणठणीत राहतो, दोष नुसता बाळगतो. पण दोन पट्टेवाल्याने दोन पट्टेवालीशी लग्न केलं, तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला चारात एक वेळा खरा आजार होऊ शकतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, आणि मूल दुखण्याने ओरडतं.

एकशे चाळीस जणांत एकोणीस जणांचे दोन पट्टे निघाले होते. त्यांना सांगायचं का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं.

"यांना आजार नाही बाई," ते म्हणाले होते. "सांगितलंत तर मुलींची लग्नं मोडतील. राहू दे."

माणूस चांगला होता. भल्यासाठीच बोलला. मी यादी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. त्या यादीत मनोज होता आणि ललिताही होती. मनोज दिंडोरीला द्राक्षबागांच्या फवारणीची मशिनं दुरुस्त करायचा. ललिता आईविना वसतिगृहात वाढून आमच्याच दवाखान्यात नर्स झालेली. दवाखान्यात कामाला असलेल्या आईला भेटायला येणारा हा मुलगा वॉर्डच्या दारात जरा जास्तच वेळ रेंगाळतो, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. मीही हसून पाहिलं होतं. यादी तेव्हा मला आठवलीच नाही. नावं पुकारली गेली तेव्हा आठवली.

पहिला आठवडा मी पाळकसाहेबांकडे जायचं ठरवण्यात घालवला. दर संध्याकाळी निघायचे आणि फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. दुसरी पुकार झाली. परत तोच क्षणभर. मी बाकाची कड धरून बसले, आणि गीत सुरू झालं. त्याच संध्याकाळी मी गेले.

आमचे पाळक रेव्हरंड भिमाजी साबळे. ते ओसरीत बनियनवर बसून कलिंगड कापत होते. मी नावं न घेता सगळं सांगितलं. नावं न घेऊन काय होणार, त्या महिन्यात पुकार एकाच जोडप्याची चालू होती.

त्यांनी सुरी खाली ठेवली. "हरकत म्हणजे आधीचं लग्न, जवळचं नातं, जबरदस्ती. रक्ताच्या पट्ट्या त्यात बसत नाहीत."

"मग काय करू?"

"सिंधुबाई, दोन भली माणसं लग्न करतायत. त्यांना नको म्हणायचा अधिकार मला नाही. देवाने कोणाला कसं घडवलं याची यादी तुमच्या कपाटात आहे, माझ्या नाही." मग सुरी परत उचलत म्हणाले, "पण ज्याचं आहे त्याला ठाऊक असावं. तुम्ही मला सांगायला आलात हेच उलटं झालं. त्यांना सांगा."

मी ऐकलं आणि अर्धंच पाळलं. आमच्यात लग्नातलं काहीही बोलायचं तर ते घरच्या वडीलधाऱ्यांशी. नवऱ्यामुलाशी नाही, नवरीशी तर नाहीच. मी त्या रीतीआड लपले. ललिताचा बाप सोमा पेठच्या पलीकडे डोंगरात, तिथे जाणारी एसटी दिवसातून एकदा. भागीबाई मात्र रोज माझ्यासमोर होती.

भागीबाई आमच्याकडे आया होती. वीस वर्षं रोज सकाळी अकरा वाजता ती सुया उकळायच्या शेगडीवर चहा टाकायची, आणि आम्ही दोघी लॅबच्या मागच्या पायरीवर बसून प्यायचो. ती दवाखान्यात आली तीच मुलगी घेऊन. छाया तिचं नाव, नऊ वर्षांची. डोळे पिवळे, गुडघे सुजलेले. अकरा दिवसांनी छाया गेली. नवरा आधीच गेला होता. भागीबाई परत डोंगरात गेलीच नाही. पाच वर्षांच्या मनोजला घेऊन इथेच राहिली, पोरगी जिथे गेली तिथेच फरशा पुसायला लागली.

छायाचं रक्त मी काचेखाली पाहिलं होतं. विळेच विळे. त्या वेळच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं, रक्त कमी पडलं. मी गप्प बसले.

सोमवारी अकरा वाजता आम्ही पायरीवर बसलो. भागीबाई लग्नाच्या कामांनी फुलून आली होती.

"ललिता म्हनती, जेवनात पुलाव पायजे. म्या म्हनलं, माझ्या लग्नात नागलीची भाकर व्हती, कोन मेलं का?"

"भागीबाई," मी म्हटलं, "तीन वर्षांपूर्वी रक्त तपासलं होतं ना सगळ्यांचं. त्यात ललिताच्या रक्तात एक दोष निघालाय."

तिने कप पायरीवर ठेवला. "कसला दोष?"

"तिला काही होत नाही. पण पोरांना होऊ शकतं." आणि मग मी म्हटलं, "छायासारखं."

इथे मला पुढचं वाक्य बोलायचं होतं. मनोजच्या रक्तातही तोच आहे, तो तुझ्याकडून किंवा त्याच्या बापाकडून आला, आणि छायाला तुम्हा दोघांकडून आला. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण भागीबाईचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आज एवढंच पुरे. उरलेलं उद्या सांगू. खोटी साक्ष देऊ नये हे मी लहानपणी पाठ केलं होतं. अर्ध्या साक्षीबद्दल कोणी काही शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, चहा टाकला नाही. गुरुवारी मी तिच्या खोलीवर गेले तर कुलूप. मी स्वतःची समजूत घातली, ती मनोजशी बोलत असेल, घरातल्या घरात मिटेल. समोर ललिता वॉर्डमध्ये गुणगुणत इंजेक्शनं भरत होती. मला पाहून म्हणाली, "बाई, तुम्ही लग्नात माझ्या बाजूने की त्यांच्या? आत्ताच ठरवा, नंतर भांडण नको." मी हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तिसरा रविवार. चर्च भरलेलं होतं. सोमा डोंगरातून आला होता, नवा सदरा घालून मागच्या बाकावर. ललिता गाणाऱ्या मुलींत पुढे बसली होती. मनोज पुरुषांच्या बाजूला, मान खाली घालून, कान लाल. पाळकसाहेबांनी नावं वाचली, म्हणाले, "ही तिसरी आणि शेवटची पुकार. कोणाची हरकत असेल तर सांगावी."

"माझी हाय."

भागीबाई उभी होती.

आधी कोणाला कळलंच नाही. मग पुढच्या बाकावरचे म्हातारे पुंजाराम म्हणाले, "अगं भागीबाई, तुझ्याच पोराचं लग्न आहे!" आणि चार-पाच जण हसले.

"म्हनूनच," ती म्हणाली. "पोरीच्या रगतात रोग हाय. माझी छाया ज्यानं गेली त्योच. माझ्या घरात त्यो परत नको. दवाखान्यात लिवलेलं हाय. सिंधुबाईला इचारा."

सगळं चर्च माझ्याकडे वळलं. मी मात्र एकच चेहरा पाहिला. ललिताचा. तिला राग आला नव्हता. अजून नाही. रोग्याला वाईट बातमी कळायच्या आधी तो जसा नर्सकडे बघतो, तशी ती माझ्याकडे बघत होती. मागे सोमा उभा राहिला होता, हात जोडून, कोणाला जोडले होते कोण जाणे.

"सिंधुबाई," पाळकसाहेब म्हणाले, "हे खरं आहे का?"

मला बसून राहता आलं असतं. ही दवाखान्यातली गोष्ट आहे, इथे बोलणार नाही, असं म्हणता आलं असतं, आणि ते नियमाला धरूनही झालं असतं. पण त्या घटकेला मंडळीच्या नजरेत ती पोर नासकी ठरली होती. तशीच ती घरी गेली असती.

"अर्धं खरं आहे," मी उभी राहून म्हटलं. "तिला रोग नाही. ती दोष बाळगते. आणि तेवढाच, तसाच दोष मनोजच्या रक्तात आहे."

"खोटं!" भागीबाई म्हणाली.

"छायाला झाला म्हणजे तो तुझ्या घरातच होता, भागीबाई. ललिताने आणलेला नाही."

हे मी साठ-सत्तर घरांसमोर बोलले. वीस वर्षं पायरीवर बसून जे बोलले नाही ते. भागीबाई हळूच खाली बसली, जशी वॉर्डमध्ये माणसं बसतात, भिंत कुठे आहे ते हाताने चाचपत. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि पुकार थांबल्याचं सांगितलं. त्या दिवशी गीत झालं नाही.

बाहेर चिंचेखाली मनोज आईला धरून उभा होता. मी जवळ गेले. भागीबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "वीस वरीस माझ्या हातचा चा पेलीस. अन् हे पोटात घेऊन पेलीस."

ललिता माझ्या समोर आली. तिने बाही वर सारली आणि कोपराच्या आतली बाजू दाखवली. "इथूनच काढलं होतंत ना? रक्त माझं होतं, बाई. मग सगळ्यांत शेवटी मला का कळलं?"

तिने बाही खाली ओढली. ती बापाबरोबर एसटीने गावी निघून गेली.

पुढचे दहा-बारा दिवस मी झोपले नाही असं म्हटलं तरी चालेल. राजीनामा लिहिला, फाडला. एकोणीस नावांची यादी जाळायला काढली, परत ठेवली. उरलेले सतरा जण कुठेतरी असंच कोणाच्या तरी दारात रेंगाळत असतील, हे डोक्यातून जाईना. अकराच्या सुमारास सवयीने पायरीवर जाऊन बसायचे आणि शेगडी थंड असायची.

एका दुपारी लॅबच्या दारात मनोज आणि ललिता, दोघं उभे. तो तिच्या गावी जाऊन तिला घेऊन आला होता.

"सगळं सांगा," ललिता म्हणाली. "आता अर्धं नको."

मी इंजेक्शनच्या सुयांची टोपणं घेतली, लाल आणि पांढरी. प्रत्येकाकडे एक लाल, एक पांढरं. मूल दोघांकडून एकेक उचलतं. दोन्ही लाल आली तर आजार. चार जोड्या मांडून दाखवल्या.

मनोजने चारही जोड्या बोटाने मोजल्या. "म्हणजे तीन पोरं चांगली झाली की थांबायचं. चौथं नको."

"मशीन नाही रे ते तुझं," ललिता म्हणाली. "दर वेळी पहिल्यापासून. पहिलंच लाल निघेल, नाहीतर एकही निघणार नाही. हो ना, बाई?"

"हो."

"आणि पोटात असताना कळतं?"

"मुंबईला कळतं. तिसऱ्या महिन्यात."

"कळल्यावर?"

मी टेबलावरची टोपणं गोळा करायला लागले. आमच्या मंडळीत गर्भ पाडणं म्हणजे काय, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. आणि तसं मूल आठ-दहा वर्षं रात्रंदिवस उशाशी घेऊन बसणं म्हणजे काय, तेही मी सांगू शकत नव्हते, कारण मी कधी बसले नव्हते.

"ते म्या सांगते," मागून आवाज आला. भागीबाई हातात फडकं घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती माझ्याशी बोलली नाही, ललिताशी बोलली.

"छायाला लय दुखायचं. गुडघं धरून वरडायची. म्या देवाला म्हनायची, घेऊन जा हिला. अन् दुखनं थांबलं का ती पोर नाचायची, बग. दारातल्या कोंबडीवानी माझ्या मागं मागं." ती थांबली. "हे मुंबईचं मशीन तवा असतं अन् मला आधी कळलं असतं, तर म्या काय केलं असतं, मला ठावं नाय. चार दिस इचार करती. ठावं नाय. तुला कोन सांगल का ठावं हाय, तर त्याचं ऐकू नको."

मग ती ललिताजवळ आली. "म्या तुला भर चर्चात रोगी म्हनलं. मला माझ्याच पोटाचं भेव वाटलं, अन् तुझ्यावर ढकललं."

ललिताने भागीबाईच्या हातातलं फडकं घेतलं आणि तिला स्टुलावर बसवलं.

पुकार एकदा अडली की पुन्हा पहिल्यापासून तीन रविवार पुकारी कराव्या लागतात. त्या आम्ही जूनमध्ये केल्या. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी हरकत विचारली आणि अख्खी मंडळी वळून भागीबाईकडे बघायला लागली. तेवढ्यात ती उठली. पाळकसाहेबांनी कागद खाली केला. भागीबाई खिडकीपाशी गेली, आपटणारी झडप लावून घेतली, आणि परत येऊन बसली. "काय बघता?" ती म्हणाली. "वारा येत व्हता." त्या रविवारी इतकं हसू झालं की गीताचं पहिलं कडवं कोणालाच नीट म्हणता आलं नाही.

आज बारा वर्षं झाली. पुंजाराम लग्नानंतर दोनच वर्षांनी गेले. सोमा अजून डोंगरात आहे, वर्षातून एकदा नागलीची पिशवी घेऊन उतरतो. पाळकसाहेबांची बदली झाली. निवृत्तीनंतर ते नाशिकरोडला मुलाकडे राहतात. मध्ये भेटले तेव्हा म्हणाले, त्या रविवारी पुस्तक मिटलं ते बरोबर की चूक, हे ते अजून ठरवू शकलेले नाहीत.

मुंबईच्या डॉक्टरांना मी पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. निवृत्त व्हायच्या आधी त्या यादीतल्या उरलेल्या सतरा जणांकडे मी एकेक करून गेले, पेठला, हरसूलला, चांदवडला. तेरा भेटले. प्रत्येकाला स्वतःला, एकट्याला बसवून सांगितलं. आणखी दोघींनी मला दारातूनच परत पाठवलं. आता ते काम ललिता करते. वसतिगृहातलं मूल अठरा वर्षांचं झालं की ती त्याच्या रक्ततपासणीचा कागद त्याच्या हातात देते, आणि पालक आले तरी त्यांना बाहेर बसवते.

भागीबाई २००६ साली गेली. शेवटच्या वर्षांत तिला दिसत कमी होतं, तरी अकराला माझ्याकडे येऊन चहा तीच टाकायची. साखर दोनदा पडायची. छायाबद्दल आम्ही पुष्कळ बोललो त्या वर्षांत. ती विचारायची, काचेखाली कसं दिसलं होतं ते सांग. मी सांगायचे.

मनोजचं दिंडोरीला स्वतःचं गॅरेज आहे. त्याला आणि ललिताला राज झाला, आता दहा वर्षांचा आहे, चांगला आहे. त्या वेळी त्यांनी कुठलीही तपासणी केली नाही. दुसऱ्या वेळी ते दोघं मुंबईला जाऊन आले. तिथे काय कळलं आणि त्यांनी काय ठरवलं, हे मला ठाऊक आहे, कारण परत आल्यावर ललिता सगळ्यांत आधी माझ्याकडे आली होती. ही गोष्ट लिहू का, असं मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, लिहा, फक्त तेवढं नको.

तेवढं मी लिहीत नाही.